संध्याकाळी सातच्या सुमारास रीस्टार्ट होणारा संगणक

गेल्या पावसाळ्यात, दिवाळी अंकांच्या मांडणीचे काम ऐन भरात असताना, माझा संगणक कोणतीही पूर्वसूचना न देता रीस्टार्ट होऊ लागला. मी रत्नागिरीत राहते आणि पुस्तकांची व अंकांची अक्षरजुळणी घरूनच करते. जुलै ते सप्टेंबर हे आमच्या धंद्याचे सुगीचे दिवस. संपादकांचे फोन, मुद्रितशोधकांनी लाल शाईने भरून पाठवलेली पाने आणि छापखान्याची तारीख या तिघांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला याहून वाईट वेळी हा त्रास होऊ शकला नसता.

पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी एका कथेच्या शेवटच्या पानावर एकटी पडलेली ओळ मागच्या पानावर ओढून घेण्याच्या खटपटीत होते. पडदा काळा झाला, पंख्याचा आवाज क्षणभर खाली आला, टेबलाखालून ‘टक्’ असा बारीक आवाज ऐकू आला, आणि मी खुर्ची मागे सरकवून वाकून बघेपर्यंत मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह पडद्यावर येऊन बसलेही होते. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या प्रोग्रामने फाइल बऱ्यापैकी परत मिळवून दिली, शेवटच्या काही मिनिटांचे काम तेवढे गेले. तो ‘टक्’ आवाज कॅबिनेटमधून आला असे मी तेव्हा गृहीत धरले. ते गृहीत धरले नसते तर पुढचा निम्मा खर्च वाचला असता.

आठवडाभरात असे तीनदा झाल्यावर मी, कोणीही करील तेच, दुकानातल्या मुलाला बोलावले. “ताई, व्हायरस असेल, फॉरमॅट मारू,” असे म्हणून त्याने विंडोज नव्याने टाकून दिले. फॉन्ट, छापखान्याच्या सेटिंग्ज आणि कळफलकाची माझी सवयीची रचना परत बसवण्यात माझा दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी संगणक पुन्हा रीस्टार्ट झाला. मग त्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवरून शाळेतल्या मुलांचे पांढरे खोडरबर फिरवले, फुंकर मारून त्या परत बसवल्या आणि “आता बघा” असे सांगितले. हा खोडरबराचा उपाय हास्यास्पद वाटला तरी अगदीच निराधार नाही. कोकणातल्या दमट हवेत संपर्काच्या जागी बसलेला मळ त्याने निघतो आणि कित्येकदा बंद पडलेला संगणक खरोखर चालू होतो. माझाही संगणक त्यानंतर तीन दिवस बिनबोभाट चालला. चौथ्या दिवशी तो रीस्टार्ट झाला तेव्हा लक्षात आले की हे सगळे कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशातले होते. तिसऱ्या खेपेला एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागेल तशी करून देणारी पेटी, बदलला. जुना काढून ४५० वॅटचा नवा बसवला, २,८०० रुपये गेले, आणि त्याच संध्याकाळी, नव्या एसएमपीएसच्या पंख्याचा नवा आवाज कानाला पुरता सवयीचा होण्याआधीच, पडदा काळा झाला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. अधूनमधून होणारा बिघाड दुकानदारासमोर कधीच होत नाही, आणि त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला देण्यासाठी अर्धा तास असतो. अशा वेळी ज्या भागात बिघाड असण्याचा संभव जास्त, तो भाग बदलून बघणे एवढेच त्याच्या हातात असते. पण साप समजून भुई धोपटण्याचा हा खर्च अखेर गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, म्हणून चौथ्यांदा त्याला फोन करण्याऐवजी मी एक जुनी दोनशे पानी वही काढली.

वहीत चार रकाने आखले: तारीख, वेळ, त्या क्षणी मी काय करत होते, आणि घरात दुसरे काय चालू होते. शेवटचा रकाना मी केवळ पान रुंद होते म्हणून आखला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेळ मात्र डोळ्यांवर विसंबून लिहायची नव्हती. विंडोज स्वतःच ती टिपून ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘सिस्टम’ या नोंदवहीत गेले की तिथे हजारो ओळी दिसतात आणि त्यांतल्या लाल खुणा पाहून माणूस घाबरतो. पण आपल्या कामाच्या नोंदी मोजक्याच असतात. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर संगणक कोणाच्या तरी सांगण्यावरून रीतसर बंद वा रीस्टार्ट झाला, आणि तो सांगणारा प्रोग्राम कोणता हेही तिथे लिहिलेले असते. विंडोज अपडेटची रात्रीची उचापत अशी पकडता येते. ६००८ ही नोंद सांगते की मागच्या वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद पडले, आणि साधारण किती वाजता पडले. १००१ ही बगचेकची नोंद असेल तर निळा पडदा, म्हणजे गंभीर चूक झाल्यावर विंडोज स्वतःला थांबवताना दाखवते तो, आला होता असे समजावे, मग तो आपल्याला दिसलेला असो वा नसो.

सर्वांत जास्त गैरसमज ४१ या नोंदीबद्दल आहेत. तिच्यावर ‘कर्नल-पॉवर’ असे नाव असते, शेजारी ‘क्रिटिकल’ असे लिहिलेले असते, आणि ती पाहिली की जो तो एसएमपीएस बदलायला सांगतो. प्रत्यक्षात ती नोंद यंत्र पुन्हा चालू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ इतकाच असतो की मागच्या वेळी मला नीट निरोप घेता आला नाही. का घेता आला नाही हे तिला ठाऊक असेलच असे नाही. मात्र तिच्या तपशिलात दोन आकडे उपयोगाचे असतात. ‘बगचेककोड’ शून्य नसेल तर निळ्या पडद्याचा मामला असतो, म्हणजे ड्रायव्हर, रॅम किंवा तत्सम ठिकाणी शोधायचे. ‘पॉवरबटनटाइमस्टँप’ शून्य नसेल तर कोणीतरी चालू-बंदचे बटण दाबून धरले होते. माझ्या सगळ्या नोंदींत हे दोन्ही आकडे शून्य होते. म्हणजे विंडोजला शेवटचा शब्द लिहायलाही सवड मिळाली नव्हती.

तरीही खात्रीसाठी, प्रगत सिस्टम सेटिंग्जमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या चौकटीतली खूण मी काढून टाकली. ही खूण मुळात घातलेली असते आणि तिच्यामुळे निळा पडदा क्षणभर चमकून यंत्र रीस्टार्ट होते. ती काढली की निळा पडदा तसाच थांबून राहतो आणि त्यावरचा मजकूर वाचता येतो. खूण काढल्यावरही माझा संगणक पूर्वीसारखाच झटक्यात रीस्टार्ट झाला. निळ्या पडद्याच्या वेळी विंडोज जिथे बिघाडाचा तपशील साठवते तो मिनीडंपचा फोल्डरही रिकामाच होता. त्यामुळे निळ्या पडद्याची शक्यता मी वहीतून खोडली.

उष्णता आणि रॅम यांची चौकशी मी थोडक्यात आटोपली. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम चालू ठेवून दीडशे पानांची पीडीएफ काढली, तेव्हा प्रोसेसर ६४ अंशांच्या वर गेला नाही. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते, तिथे पोहोचण्याआधी ते स्वतःचा वेग उतरवतात, आणि अगदीच हाताबाहेर गेले तर यंत्र बंद पडून सहसा बंदच राहते. माझे यंत्र बंद राहत नव्हते. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले. सकाळी चार फेऱ्या पूर्ण आणि चुका शून्य.

चोवीस दिवसांत वहीत चौदा नोंदी झाल्या. एका रविवारी दुपारी मी त्या सगळ्या वेळेनुसार एकाखाली एक लिहून काढल्या, आणि इतके दिवस डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट समोर आली. चौदांपैकी दहा नोंदी संध्याकाळी ६:५० ते ७:०५ या पंधरा मिनिटांत होत्या.

व्हायरसला घड्याळ कळत नाही, आणि रॅमलाही नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या इमारतीत कोणती गोष्ट नेमाने होते याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही, कारण चौथ्या रकान्यात मीच तीन ठिकाणी “नळाला पाणी आले”, “टाकी भरल्याचा आवाज” असे काहीबाही लिहून ठेवले होते. सातच्या आधी आमचा वॉचमन खाली जाऊन पाण्याची मोटार लावतो. हाताने लावतो, त्यामुळे वेळ पाच-दहा मिनिटे मागेपुढे होते. सकाळी सहालाही तो ती लावतो, पण तेव्हा माझा संगणक बंद असतो.

मोटार सुरू होताना, पहिला क्षण, ती तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या साधारण पाच ते सात पट प्रवाह ओढते. तेवढ्या क्षणापुरता त्याच तारांवरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली येतो; पंखा किंचित मंदावतो, जुना पिवळा दिवा डोळा मिचकावतो. एलईडी दिव्यांच्या पोटात असलेल्या सर्किटमुळे हल्ली हे डोळ्यांना जाणवतही नाही. दुसऱ्या दिवशी ६:४५ वाजता मी मल्टिमीटरच्या सळया, पूर्ण सावधगिरीने, टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये धरून बसले. आकडा २२८ व्होल्टवर होता. खालून मोटारीची घरघर सुरू झाली, आकडा १७८ वर घसरला, आणि एका क्षणात २१९ वर परत आला. स्वस्त मल्टिमीटर संथ असतो. त्याने १७८ दाखवले याचा अर्थ दाब प्रत्यक्षात त्याहूनही खाली गेला असणार. आणि त्याच क्षणी पुन्हा तो ‘टक्’ आवाज आला. या वेळी माझे कान त्याच्या रोखाने होते. आवाज कॅबिनेटच्या शेजारी धूळ खात बसलेल्या यूपीएसमधून आला होता.

इथे थोडे आतल्या यंत्रणेत शिरणे भाग आहे. एसएमपीएसमध्ये एक मोठा कंडेन्सर असतो आणि मुख्य वीज गेली तरी त्याच्या साठ्यावर एसएमपीएस काही क्षण तग धरतो. हे ‘काही क्षण’ म्हणजे पूर्ण भारावर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे तेवढाही वेळ नाही. साठा संपत आला की एसएमपीएस मदरबोर्डला एका करड्या तारेवरून जाणारा ‘वीज ठीक आहे’ हा संकेत काढून घेतो, आणि तो संकेत गेल्याबरोबर मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेट करतो, कारण अर्धवट विजेवर चुकीची आकडेमोड करत राहण्यापेक्षा थांबणे बरे. तेवढ्यात वीज परत आली तर संकेतही परत येतो आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की संगणक स्वतःहून रीस्टार्ट झाला. नवा एसएमपीएस घेऊनही काही फरक पडला नाही याचे कारण हेच. जुना तर बिचारा आपले काम नियमाप्रमाणेच करत होता. त्याच्या पिवळ्या तारेवर मी नंतर १२.१ व्होल्ट मोजले, आणि ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा असल्यामुळे त्याला बाद करण्याचे कारण नव्हते.

एक सूचना इथेच करते. मल्टिमीटर बाहेरच्या तारांना लावणे वेगळे आणि एसएमपीएसची पेटी उघडणे वेगळे. आतल्या त्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. पेटी कधीही उघडू नये.

यूपीएस असताना हे व्हायलाच नको होते. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की, माझ्या यूपीएसच्या बाबतीत १७० व्होल्टखाली, आतला रिले, म्हणजे आपोआप फिरणारे बटण, ‘टक्’ करून भार बॅटरीवर घेतो आणि हे सगळे दहा मिलिसेकंदांच्या आत उरकते, म्हणजे एसएमपीएसचा दम संपायच्या आधी. मग माझा यूपीएस काय करत होता? त्याची परीक्षा घ्यायला संगणक वापरू नये, कारण प्रत्येक नापास होण्यागणिक हार्ड डिस्कवरची फाइल पणाला लागते. मी माळ्यावरून शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा होल्डरसकट काढला, तो यूपीएसला जोडला आणि भिंतीवरचे बटण बंद केले. दिवा गचका खाऊन तांबूस झाला, यूपीएसने दोनदा केविलवाणी शिट्टी वाजवली आणि सगळे विझले. भिंतीवरचे बटण चालू करताच यूपीएस, जणू काही झालेच नाही अशा थाटात, हिरवा दिवा लावून पुन्हा उभा राहिला.

आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची नेहमीची सीलबंद बॅटरी होती. प्लग काढून, यूपीएस पूर्ण बंद करून ती बाहेर काढली तर तिच्या पोटाला फुगवटा आलेला, आणि तिच्यावरच्या तारखेप्रमाणे तिने चार वर्षे पुरी केलेली. नुसती मोजली तर ती १२.४ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे कोणीही तिला चांगलीच म्हटले असते. मोटरसायकलचा एक जुना दिवा तिला जोडल्याबरोबर आकडा ९ च्या खाली उतरला. रिकाम्या हाताने बॅटरी मोजण्यात अर्थ नसतो. तिच्या डोक्यावर ओझे दिल्यावरच तिचे वय कळते. अशा बॅटऱ्या आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत थकतात, आणि वीज न जाता नुसता दाब खाली-वर होणाऱ्या घरात त्या थकल्याचे कोणाला कळतही नाही, कारण हिरवा दिवा लागलेलाच असतो.

नवी बॅटरी घातली आणि संध्याकाळचे रीस्टार्ट थांबले. गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. पण २२८ वरून १७८ हा आकडा मला स्वस्थ बसू देईना. दीड अश्वशक्तीच्या मोटारीने एका इमारतीतला दाब पन्नास व्होल्टने का पाडावा? याचे उत्तर जिन्यात मिळाले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी सहज विचारले, मोटार लागली की तुमच्याकडेही दिवा मंद होतो का. त्या म्हणाल्या, “नाही गं, आमच्याकडे उलटंच. देवघरातला पिवळा दिवा भसकन मोठा होतो. मी म्हटलं, पाणी आल्याचा देवाला आनंद होत असेल.”

मी त्यांच्याकडे जाऊन दुसऱ्या दिवशी मोजले. मोटार सुरू होताना त्यांच्या सॉकेटवर २५६ व्होल्ट.

एका घरात दाब पडतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या घरात चढतो, ही खूण वायरमन लोकांना पाठ असते. इमारतीला वीज तीन फेजनी, म्हणजे तीन वेगळ्या तारांवरून, येते आणि घरे या तीन फेजवर वाटलेली असतात. सगळ्यांचा परतीचा मार्ग, म्हणजे न्यूट्रल, मात्र एकच असतो. त्या न्यूट्रलचा जोड कुठे ढिला असेल तर मोठा प्रवाह जाताना न्यूट्रल आपली जागा सोडून भार असलेल्या फेजकडे सरकतो. त्या फेजवरच्या घरांना कमी दाब मिळतो आणि उरलेल्या दोन फेजवरच्या घरांना जास्त. मोटार आणि मी एका फेजवर होतो, काकू दुसऱ्या. संगणकाच्या बिघाडाचे टोक त्यांच्या देवघरापर्यंत पोहोचलेले होते.

सेक्रेटरींना मी वही आणि आकडे दाखवले. यापूर्वी “संगणक सारखा बंद पडतो” असे सांगितल्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली होती. २५६ हा आकडा पाहिल्यावर त्यांनी त्याच दिवशी वायरमन बोलावला. त्याने प्रथम माझ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला दाब मोजला. एरवी दोन व्होल्टच्या आत असलेला तो आकडा मोटार लागताच पन्नासच्या घरात गेला. मग मीटरच्या खोलीत, मुख्य स्विच बंद करून, त्याने न्यूट्रलची पट्टी उघडली. मुख्य तारेच्या टोकाशी रबर वितळून तपकिरी झालेले होते, तांब्यावर काळी बुरशी धरल्यासारखी राख होती आणि स्क्रू बोटाने फिरत होता. “ताई, संगणकाचं सोडा,” तो म्हणाला, “हा पुरता सुटला असता तर वरच्यांचे फ्रिज-टीव्ही एका दिवसात गेले असते.” त्याने तारेचे टोक कापून त्यावर नवा लग, म्हणजे जोडाची धातूची टोपी, दाबून बसवला. त्या संध्याकाळी मोटार लागली तेव्हा माझा आकडा २२८ वरून २१७ पर्यंतच गेला, आणि यूपीएसने ‘टक्’ केले नाही.

आता उरल्या चार नोंदी. त्यांतली एक सकाळी ११:२० ची होती, आणि त्या दिवशी टाकी धुण्यासाठी मोटार अवेळी लावली होती हे वॉचमनच्या आठवणीतून कळले. राहिलेल्या तीन नोंदींना ना वेळेचा मेळ होता ना मोटारीचा. यूपीएसची बॅटरी बदलल्यावर अकराव्या दिवशी चौथी आली, तेव्हा त्याही खऱ्या असल्याचे पटले. एकाच यंत्रात दोन बिघाड असू शकतात हे मान्य करणे मनाला फार जड जाते. एक सापडला की उरलेले सगळे त्याच्याच खात्यावर टाकण्याचा मोह होतो, आणि इव्हेंट व्ह्यूअर इथे काही मदत करत नाही, कारण वीज क्षणभर गेली काय आणि रीसेटचे बटण दाबले गेले काय, दोन्हींची नोंद ४१ आणि शून्य अशीच होते.

या चार नोंदींचा तिसरा रकाना वाचला. “पेनड्राइव्ह लावला.” “पेनड्राइव्ह काढला.” तिसऱ्यापुढे काही नव्हते. चौथ्यापुढे पुन्हा “पेनड्राइव्ह”. संशय साहजिकच यूएसबीच्या खाचेवर गेला, कारण तिच्यातला एखादा पत्रा वाकून शॉर्ट झाला तरी असे होऊ शकते. मी पेनड्राइव्ह मागच्या खाचेत दहा-बारा वेळा घातला-काढला, काही झाले नाही. पुढच्या खाचेतही पाच-सहा वेळा काही झाले नाही, आणि सातव्या वेळी, अंगठ्याने कॅबिनेटची पुढची पट्टी थोडी जोरात दाबली गेली तेव्हा, पडदा काळा झाला. मग पेनड्राइव्ह न लावताच नुसती पट्टी दाबून पाहिली. दुसऱ्या दाबाला संगणक रीस्टार्ट.

रीसेटचे बटण त्या खाचेच्या अगदी शेजारी आहे. त्याच्या मागून निघालेल्या दोन बारीक तारा मदरबोर्डच्या कोपऱ्यात दोन सुयांवर बसवलेल्या असतात. बटण दाबले की त्या दोन सुया एकमेकींना जोडल्या जातात आणि मदरबोर्ड रीसेट होतो, इतकी ती साधी रचना आहे. संगणक बंद करून, प्लग काढून मी तो जोड उपसला आणि मल्टिमीटर लावला. बटण मोकळे असताना दोन तारांमध्ये काहीच वाहता कामा नये. मीटर कधी गप्प राहायचा, कधी काही किलोओहम दाखवायचा, आणि पट्टी दाबली की शिट्टी वाजवायचा. बटणाच्या आतली पत्र्याची जीभ खाऱ्या हवेने गंजून वाकली होती.

तो जोड काढून ठेवल्यावर पुढे किती दिवस थांबायचे, हा प्रश्न उरला. खोडरबराच्या वेळी तीन दिवसांवर मी फसले होते, म्हणून या वेळी हिशेब केला. यादृच्छिकपणे होणारा बिघाड सरासरी जितक्या दिवसांनी होतो, त्याच्या तिप्पट काळ निर्धोक गेला, तर तो नुसत्या योगायोगाने गेला असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. पहिल्या चोवीस दिवसांत तीन, म्हणजे सरासरी आठ दिवसांनी एक. म्हणून चोवीस दिवस थांबायचे. खोडरबराच्या वेळी, संध्याकाळचे रीस्टार्ट सरासरी अडीच दिवसांनी होत असताना, मी निदान आठवडाभर तरी थांबायला हवे होते. चोवीस दिवस भरले तेव्हा अंक छापखान्यात गेला होता आणि मी वहीची उरलेली पाने किराण्याच्या यादीसाठी वापरायला घेतली होती.

जुना एसएमपीएस कपाटात आहे, सुस्थितीत. रीसेटच्या तारांच्या टोकांना काळी टेप गुंडाळून त्या कॅबिनेटच्या कडेला बांधून ठेवल्या आहेत, आणि नवे बटण बसवण्याची गरज आजवर वाटलेली नाही. भाचा सुट्टीत आला की ते बटण दाबून बघतो, काही होत नाही म्हणून पुन्हा दाबतो, आणि मग संगणक बिघडला आहे असे मला सांगायला येतो.